चाळणीवरच्या कुंदाबाई

कुंदाबाई भित्र्या होत्या. हे कुणी तोंडावर म्हटलं तरी त्या रागवत नसत, उलट "हो ना, फारच" म्हणून पदर सावरत. एसटीत बसल्या की ड्रायव्हरला डुलकी लागते की काय म्हणून त्याच्या मानेवर नजर लावून बसत. कुकरची शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. घरातून निघताना कुलूप ओढून बघायचं, थोडं पुढे जाऊन परत यायचं, पुन्हा ओढायचं, आणि तरीही वाटेत शेजारीण भेटली की तिलाच विचारायचं, मी कुलूप लावलं ना हो? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. कुंदाबाईंच्या पाठी तर तो बायकापोरांसकट बिऱ्हाड करून राहिला होता.

माहेर त्यांचं अमळनेरचं. आई फार कडक. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरात अभद्र शब्द काढायची सोय नव्हती. वास्तू तथास्तु म्हणते, असं आई सांगायची, आणि कुंदाबाईंना ती वास्तू अगदी डोळ्यांसमोर दिसायची, आढ्याला बसलेली, कान टवकारून. लहानपणी एका संध्याकाळी त्या बोलून गेल्या, "आबा सायकलवरनं पडले तर गं?" आणि आबा, त्यांचे वडील, खरोखरच पडले. पाय मोडला, महिनाभर खाटेवर होते. आईने कुंदाबाईंना मारलं नाही, फक्त एकदा बघितलं. ते बघणं त्यांना जन्मभर पुरलं. त्या दिवसापासून दिवा 'विझवला' असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही, बांगडी 'फुटली' असं आलं नाही, आणि कुणी गेल्याची बातमी सांगायची झाली तर "त्यांच्याकडे जरा जाऊन या" एवढंच यायचं. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

नवरा मात्र देवाने अगदी उलटा दिला. रुपचंद घरात साप निघाला की काठी न घेता पुढे व्हायचा, विहिरीत उतरायचा, विजेच्या खांबावर चढायचा. आधी तो गिरणीत होता, मग धुळ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनवर लागला. तिथे मिरची, चिंच, बटाटे ठेवलेले असायचे आणि ते सगळं थंड राखणारा अमोनिया नळ्यांतून फिरायचा. रुपचंद त्या नळ्या, ते व्हॉल्व्ह, तो धडधडणारा कॉम्प्रेसर सांभाळायचा. ते कोल्ड स्टोरेज आणि जळगावचं ऑफिस एकाच शेठचं, म्हणून कुंदाबाईंना जळगावला टायपिस्टची नोकरी मिळाली होती. नवरा धुळ्याला, बायको जळगावला, रविवारी भेट. मूलबाळ नव्हतं. रुपचंद आला की बायकोची खोड काढायचा. "तुले तुन्या सावलीनी बी भीती वाटस," म्हणायचा आणि मोठ्याने हसायचा. कुंदाबाईंना त्या हसण्याचा मोठा आधार होता. घरात एकजण भीत नाही म्हटलं की दुसऱ्याने भ्यायला हरकत नसते.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्या टायपिस्ट एकेक करून गेल्या. कुंदाबाई टिकल्या त्या हुशारीने नव्हे, भीतीने. नोकरी जाईल या धास्तीने त्या कॉम्प्युटर शिकल्या, ईमेल शिकल्या, आणि कुणी काही सांगितलं की "हो साहेब" म्हणून दुप्पट करून ठेवायला लागल्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याहून आणि फैजपूरहून रोज ईमेल यायचे, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. त्यातलाच एक मेल एका दलालाने भरपूर शिव्या घालून लिहिला आणि तो कुणाच्या तरी चुकीने तसाच्या तसा दुबईच्या गिऱ्हाइकापर्यंत गेला. तिथल्या कारकुनांत कुणी मराठी असावा. शेठची अब्रू गेली. मग शेठने पुण्याहून एक पेटी आणवली. काळी, पंख्याची घरघर करणारी. येणारा-जाणारा प्रत्येक मेल आधी या पेटीतून जायचा. पेटीत शब्दांचा एक कोश असायचा, प्रत्येक शब्दाला मार्क. मेलमधल्या शब्दांचे मार्क ठरलेल्या आकड्यावर गेले की मेल तिथेच अडायचा, पुढे जायचा नाही. ऑफिसातल्या लोकांनी तिला लगेच चाळणी असं नाव दिलं.

पुण्याचा इंजिनिअर पेटी बसवायला आला तेव्हा इंग्रजी शिव्यांचा कोश त्याच्यापाशी तयार होता. मराठीचा नव्हता. मॅनेजर लीलाधर भारंबे यांनी कुंदाबाईंना बोलावून सांगितलं, "इकडच्या लोकांच्या तोंडात जे जे घाण येतं ते सगळं टाइप करून द्या. लाजू नका, कामाचा भाग आहे." कुंदाबाईंना सगळ्या शिव्या ठाऊक होत्या. अमळनेरच्या बाजारात वाढलेल्या बाईला त्या ठाऊक नसतील तर कुणाला! पण कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि बोटंच चालेनात. आपल्या हाताने, आपल्या नावाने, पुरुषमाणसाला द्यायला ते शब्द लिहायचे? शेजारी इंजिनिअर घड्याळ बघत होता. दोन-तीन मवाळ शिव्या कशाबशा झाल्या. कोरा कागद दिला तर नोकरी जाईल. मग त्यांनी ते लिहिलं जे त्यांच्या लेखी खरोखर वाईट होतं, जे घरात कधी उच्चारायचं नसतं. मरण. आग. अपघात. गळती. धोका. गुदमरणं. बेशुद्ध. स्फोट. लिहीत गेल्या तसा हात मोकळा झाला. कुणी कसंही लिहील म्हणून प्रत्येक शब्द निरनिराळ्या स्पेलिंगने घातला. इंजिनिअरने विचारलं, मार्क किती द्यायचे? कमी दिले आणि काही निसटलं तर बोल आपल्यावर येईल, म्हणून कुंदाबाई म्हणाल्या, "सगळ्यांना पूर्ण." म्हणजे एक शब्द सापडला तरी मेल अडणार.

इंजिनिअर परप्रांतातला, त्याला मराठी जेमतेम, त्याने ते पेटीत ओतलं आणि गेला. शेठला मात्र ती यादी फार आवडली. रोज सकाळी गल्ल्याला उदबत्ती लावणारा माणूस तो. "बरं झालं, भारंबे," म्हणाला, "सकाळी सकाळी अभद्र काही पेढीत शिरायलाच नको." शेठ बोलला म्हणजे संपलं. भारंबेंनाही त्यात गैर वाटलं नाही. अडलेले मेल रोज ते स्वतः दोनदा उघडून बघायचे आणि बरे असतील ते सोडून द्यायचे. उघडायचा परवलीचा शब्द फक्त त्यांच्यापाशी. चाळणीवर लक्ष ठेवायला कुंदाबाईंना बसवलं, पण त्यांच्या पडद्यावर दिसायचं ते एवढंच की मेल कुठून आला, किती वाजता आला आणि कोणता शब्द पकडला. आत काय आहे ते त्यांना दिसत नसे. पाठवणाऱ्याला मात्र आपला मेल गेला असंच वाटायचं.

आता तुम्हीच सांगा, भित्र्या बाईला याहून वाईट काम कोणतं द्यावं? दिवसभर बसून आपल्याच भीतीचे शब्द पकडले जाताना बघायचे आणि पुढचं काही कळू द्यायचं नाही. पहिल्याच महिन्यात पडद्यावर आलं: धुळे, आग. कुंदाबाई रडतच भारंबेंच्या खोलीत शिरल्या, आख्खं ऑफिस गोळा झालं. भारंबेंनी मेल उघडला. धुळ्याच्या सुपरवायझरने लिहिलं होतं की उन्हाची नुसती आग होते आहे, एक पंखा मंजूर करावा. हसून हसून लोकांची पोटं दुखली. शिपाई वना तर महिनाभर त्यांना बघितलं की पंखा फिरल्यासारखा हात फिरवायचा. भारंबे हसले नाहीत, ते जास्त लागलं. "कुंदाबाई," ते म्हणाले, "मेलमध्ये काय आहे ते बघायचं काम माझं. तुम्ही फक्त बसायचं. पुन्हा असा तमाशा झाला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." त्या दिवसापासून कुंदाबाईंनी तोंड शिवून घेतलं.

त्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, घराघरांत आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि पुरुषांना त्या दिवशी पत्ते कुटायला मोकळीक. एरवी पत्त्यांना हात न लावणारा माणूसही आखाजीला डाव मांडतो. भारंबे फैजपूरचे, ते आदल्या दिवशीच गावी गेले. "अडलेले मेल आल्यावर बघू, दोन दिवसांनी काही जग बुडत नाही," म्हणाले. शेठ दुबईला. ऑफिस नावापुरतं उघडं. कुंदाबाईंना माहेर उरलं नव्हतं, आई-आबा कधीच गेले होते, म्हणून त्या कामावर आल्या. रुपचंदलाही सुटी नव्हती. मशीन सणवार बघत नाही.

दुपार तापायला लागली होती. वना जिन्याखाली पंचा टाकून आडवा झाला होता. मागच्या गल्लीतून झोक्यावरच्या पोरींची गाणी ऐकू येत होती. कुंदाबाई डबा उघडत होत्या आणि पडद्यावर एक ओळ उमटली.

धुळे. गळती.

घास तसाच राहिला. त्यांनी मनाला समजावलं, नळ गळत असेल. छपराची गळती असेल, पावसाआधी डागडुजी मागत असतील. पंख्याची आठवण झाली, हसणारे चेहरे आठवले. डबा संपवला. चव लागली नाही, पण संपवला. हात धुऊन परत आल्या तर दुसरी ओळ येऊन बसलेली.

धुळे. गळती, धोका.

छपराच्या गळतीला कोण धोका म्हणतं? त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. धुळ्याला फोन लावला. नुसतं एंगेज. लागणार तरी कसा, तिथे एकच लाइन, आणि मेल पाठवायला किंवा घ्यायला कॉम्प्युटर त्याच लाइनवर बसायचा. तो लाइन सोडत नव्हता, याचा अर्थ सुपरवायझर अभिमन पाटील तिथे उत्तराची वाट बघत बसला होता. कुंदाबाईंना हे लख्ख कळलं. मागच्या साली एका ऑपरेटरने जळगावला न विचारता मशीन बंद केलं होतं. मिरचीला बुरशी धरली. शेठने त्याला घरी बसवलं आणि हुकूम काढला: जळगावच्या लेखी परवानगीशिवाय मशीन बंद करायचं नाही, परवानगी मेलनेच मागायची, फोनवरचं बोलणं धरलं जाणार नाही. तो हुकूम कुंदाबाईंनीच टाइप केला होता.

म्हणजे ते परवानगी मागत होते. आणि परवानगीचा अर्ज इथे काळ्या पेटीत अडकून बसला होता, कुंदाबाईंपासून हाताच्या अंतरावर.

त्यांनी फैजपूरला फोन लावला. भारंबेंच्या घरून बायको, बेबाबाई, बोलल्या.

"हालो, कोन बोलते?"

"मी ऑफिसातून कुंदाबाई. साहेब आहेत?"

"ते तं वावरात गेले वं बाई, पत्ते खेयाले. आज आखाजी हाये, आज ते घरात सापडतीन का? काय काम व्हतं?"

काय काम होतं ते सांगायला कुंदाबाईंनी तोंड उघडलं आणि शब्द निघेना. धुळ्याला गळती आहे, माझा नवरा तिथे आहे. एवढंच तर सांगायचं होतं. पण नवऱ्याचं नाव आणि तो शब्द एका श्वासात घ्यायचा? सणाच्या दिवशी? आबांचा मोडलेला पाय त्यांना आठवला. बोललं की होतं. अजून झालं नसेल तर बोलल्याने होईल.

"जरा... धुळ्याचं काम होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना फोन करायला सांगाल?"

"सांगते ना. जेवाले येतीन तवा सांगते." आणि मग मायेने, "तुमी बी सणाच्या दिशी काय हापीसात बसल्या वं माय, घरी जा, रस-पोयी खा."

फोन ठेवला तेव्हा कुंदाबाईंना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पुन्हा लावायला हात गेला आणि तितक्यात तिसरी ओळ आली.

धुळे. गळती, गुदमरणं.

हे सगळे शब्द त्यांचेच होते. त्यांनीच एकेक करून लिहून दिलेले, त्यांनीच पूर्ण मार्क दिलेले. आढ्यावरची ती वास्तू आता त्या पेटीत येऊन बसली होती आणि पंख्याच्या घरघरीतून तथास्तु, तथास्तु म्हणत होती. त्यांनी पेटीवर हात मारला. परवलीचा शब्द म्हणून भारंबेंच्या पोरांची नावं घालून बघितली, शेठच्या देवाचं नाव घालून बघितलं. पेटी दाद देईना. वायर उपटावी असं मनात आलं, पण उपटून काय, अडलेला मेल काही धुळ्याला उत्तर देणार नव्हता. त्यांनी स्वतःच मेल लिहिला, मशीन बंद करा, बाहेर या. पाठवला. आणि पडद्यावर चौथी ओळ दिसली, जळगाव, धोका. घाईत त्यांनी 'धोका आहे' असं लिहिलं होतं. त्यांचाच मेल त्यांच्याच चाळणीत अडकला. रडू फुटलं. पुन्हा लिहिला, नुसता "मशीन बंद करा". तो गेला खरा, पण तिकडे तो कुणी बघत होतं की नाही देव जाणे, कारण धुळ्याची लाइन अजून एंगेजच होती आणि तिकडून काही येणं थांबलं होतं.

ते थांबणं सगळ्यांत वाईट होतं. शब्द येत होते तोवर निदान कुणीतरी टाइप करत होतं.

कुंदाबाईंनी धुळ्याची डिरेक्टरी काढली. त्यांनी वनाला हाक मारली, मग लक्षात आलं की वनाला तरी काय सांगणार. अग्निशामक दलाचा नंबर सापडला.

"कुठून बोलताय?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"जळगावहून."

"बाई, जळगावचं जळगावला कळवा की."

"नाही, धुळ्यालाच. एमआयडीसीत. कोल्ड स्टोरेज." त्यांनी पत्ता सांगितला.

"काय झालंय तिथे?"

कुंदाबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला.

"अहो बाई, काय झालंय?"

मागच्या गल्लीतली गाणी चालूच होती. वना झोपेतून उठून दारात येऊन उभा राहिला होता. कुंदाबाईंनी डोळे मिटले आणि बोलल्या.

"गळती. अमोनियाची गळती आहे. लोक गुदमरताहेत. माझा नवरा आत आहे, रुपचंद नाव आहे, तो मरेल. तुम्ही गेला नाहीत तर तो मरेल."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते शब्द तोंडाने उच्चारले, आणि तेही एवढ्या मोठ्याने की वनाच्या हातातला पंचा खाली पडला. पलीकडचा माणूस आणखी काही विचारणार होता, त्याने विचारलं नाही. "निघालो," म्हणाला.

कुंदाबाईंनी पर्स घेतली आणि जिना उतरल्या. कुलूप वनाने लावलं. त्या मागे वळून बघायलासुद्धा थांबल्या नाहीत. धुळ्याची एसटी सणामुळे माहेरवाशिणींनी भरलेली होती, एकीच्या मांडीवर आंब्याची पाटी, दुसरीच्या हातावर ओली मेंदी. पारोळ्यापर्यंत त्या उभ्याच होत्या. ड्रायव्हरच्या मानेकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच चालू होतं, मी बोलले, आता होईल. मी बोलले, आता होईल. मग वाटायचं, मी जेवत बसले होते. पहिली ओळ आली आणि मी डबा संपवला. पारोळ्याला एक बाई उतरली, जागा झाली, पण कुंदाबाईंना बसावंसं वाटलं नाही.

कोल्ड स्टोरेजच्या फाटकाबाहेर माणसं जमली होती. वास लांबूनच आला, नाकातून डोक्यात चढणारा, डोळ्यांत पाणी काढणारा. अभिमन पाटील रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता, ओला रुमाल तोंडाला लावून. कुंदाबाईंना बघून तो उठला.

"ताई, आम्ही बठ्ठा बाहेर ऊनूत," तो म्हणाला, "रुपचंदभाऊ मजारमाच ऱ्हायना, आत मशीनपाशी. म्हने हुकूम येवू दे, तवरोक मी व्हॉल्व्ह धरीसन बसस. मी मेलवर मेल करात. तठून कोन्ही बोलनंच नही." त्याने मान खाली घातली. "बंबवालास्नी काढं त्याले. दवाखानामा लई गयात. जित्ता शे, ताई. जित्ता शे."

कुंदाबाई तिथल्या तिथे खाली बसल्या. आजूबाजूच्या बायकांनी त्यांना पाणी पाजलं. जित्ता शे, जिवंत आहे, हे त्या पुन्हा पुन्हा तोंडाने म्हणत राहिल्या, वास्तूने ऐकावा म्हणून.

सरकारी दवाखान्यात रुपचंदच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. हातांची कातडी सोललेली, आवाज फाटलेला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं सावरतील, एका डोळ्याचं सांगता येत नाही. वेळेवर काढलं म्हणून वाचला, आणखी थोडा उशीर झाला असता तर... कुंदाबाईंनी हात वर केला, आणि डॉक्टरांनी पुढचं सांगितलं नाही.

त्या खाटेशी बसल्या. रुपचंदने पावलांवरूनच ओळखलं.

"ऊनी का तू?"

"ऊनू."

त्याने मान आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "बठ्ठा सांगेत बाहेर चाल. मी म्हंत, मेल गयेल शे. तठे कुंदा बशेल शे. ती देखी. ती देखी आनि हुकूम धाडी." खोकला आला. "तू तठे शे म्हनीसन मी थांबनू."

वॉर्डात माणसांची वर्दळ होती, कुणीतरी पुरणपोळीचा डबा उघडला होता, त्याचा वास औषधांच्या वासात मिसळला होता. कुंदाबाईंना वाटलं आता उठावं, पळावं, कुठल्या तरी एसटीत बसून कुठेही जावं. हे सांगितलं नाही तर त्याला कधी कळणार नाही. पेटीने अडवला म्हटलं तर खोटंही नाही. पेटीला दोष द्यायला काय लागतं?

"मेल माझ्यामुळे अडला," त्या म्हणाल्या. घाबरल्या की त्या शुद्ध बोलायच्या, ऑफिसातल्यासारखं. "ती यादी मीच दिली होती. गळती शब्द मी टाकला होता. मला शिव्या लिहायची लाज वाटली, म्हणून मी हे शब्द टाकले. आणि पहिला मेल आला तेव्हा मला दिसलं होतं. मी जेवत बसले. मला लोक हसतील असं वाटलं."

रुपचंदचे डोळे पट्ट्यांखाली उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नव्हतं, म्हणून चेहऱ्यावरून काही समजेना. कुंदाबाई वाट बघत राहिल्या. तो ओरडेल, हात झटकेल, तोंड फिरवेल, आणि यातलं काहीही चालेल असं त्यांनी ठरवलं होतं.

"आखो कोनले सांगं?" त्याने हळूच विचारलं.

"कोन्हालेच नही."

"मंग सांगू नको," रुपचंद म्हणाला. आवाज आणखी खाली आला, शेजारच्या खाटेवर कुणी ऐकेल म्हणून. "शेठले कळनं ते तुनी नोकरी जाई. मनी बी जाई. तेनीच भीती वाटी ऱ्हायंती माले मजारमा. बंद करात आनि मिरची खराब व्हयनी ते काय करतूत आपन?"

कुंदाबाईंनी त्याचा हात धरला, सोललेली जागा सोडून, मनगटाशी. तो थरथरत होता. नर्स जाता जाता म्हणाली, गॅसचा परिणाम आहे, राहील थोडे दिवस. कुंदाबाईंनी मान हलवली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपल्या घरात भित्रं माणूस एकच आहे.